अंधाऱ्या खोलीतली पाचवी

जालना जिल्ह्यातल्या मंठा गावात माझं ब्लाऊज शिवायचं आणि पिको-फॉलचं दुकान आहे. दिवस गेलेल्या पोरी मापं द्यायला येतात, ब्लाऊज किती सैल ठेवायचा ते बोलून होतं आणि मग हळूच विचारतात, "मावशी, तुमचं त्या टायमाला काय झाल्तं हो?" मी टेप गळ्यात अडकवून सांगायला लागते. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येतं, सांगणं अर्ध्यात तुटतं आणि नेमकं जे कानावर जायला हवं तेच राहून जातं. म्हणून हे लिहिलं आहे.

आईपण किती गोड असतं ते सांगायला बाकीचे खूप जण आहेत. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेली होते. कशाकशाला घाबरले आणि त्यातलं कोणतं घाबरणं खरं निघालं, तेवढंच मी सांगणार आहे.

पाळी गेली असं वाटलं

बेचाळिसाव्या वर्षी पाळी चुकली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. एक कटकट संपली. पुढचे दोन-तीन महिने अंग जड, तोंडाला चव नाही, मशीनवर बसलं की पाठ धरायची. पाळी जाताना असंच होतं असं दुकानातल्या बायकांनी सांगितलं आणि मीही मानलं. मग एका दुपारी ब्लाऊजला हुक लावताना पोटात काहीतरी सळसळलं. अठरा वर्षांपूर्वी ऋतुजाच्या वेळी जे सळसळलं होतं, अगदी तसंच. मी हुक तोंडात धरून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला काही न सांगता जालन्याला गेले. सोनोग्राफीच्या खोलीत थंड जेल पोटावर पडलं तरी मला घाम फुटलेला. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, चौथा महिना सरत आलाय. ठेवायचं का नाही ते घरी बोलून लवकर सांगा. आणि ठेवणार असाल तर या वयात बीपीकडं लक्ष ठेवावं लागेल, बाळंतपणाआधी आणि नंतरही."

'नंतरही' हा शब्द मी ऐकला. पण त्या दिवशी मला फक्त एकच चिंता होती, हे ऋतुजाला कसं सांगायचं.

ऋतुजा माझी मुलगी. ती तेव्हा जालन्यात वसतिगृहात राहून कॉलेज करत होती. सुट्टीत घरी आली तेव्हा सांगितलं. तिने मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "मम्मी, माझ्या मैत्रिणींच्या बहिणींना लेकरं होऊन राह्यलीत. आईला नाही." उरलेल्या सुट्टीत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

माझे यजमान धान्याच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे मांडणारा माणूस, घरी फार बोलत नाही. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." हे वाक्य चांगलं वाटतं, पण त्यात माणूस एकटाच पडतो. शेवटी ठेवायचं असं मी ठरवलं. का ठरवलं याचं नीट कारण मला आजही देता येत नाही. ते सळसळणं एकदा ओळखल्यावर मला उलटं फिरता आलं नाही, एवढंच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना मात्र आनंद झाला. गल्लीतल्या एकीने टोमणा मारला, "म्हातारपणी पोराची आस लागली का सुनंला?" आत्या म्हणाल्या, "तुला दात पडल्यावर भजे खावं वाटतेत, तवा आम्ही बोलतो का?" ती बाई पुन्हा आमच्या दारात फिरकली नाही.

बाळंतपण

त्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते बरं पार पडलं. शेवटच्या महिन्यात बीपी थोडा चढला. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं, सलाईनमधून कळा आणल्या. पहिल्या बाळंतपणात मी ओरडले होते. या वेळी ओरडायलाही भ्यायले, ओरडण्यात जोर गेला तर पुढं उरेल का म्हणून. मुलगी झाली. आमच्या घरात कुणाचंच तोंड वाकडं झालं नाही असं मी लिहिणार नाही. आत्यांचा चेहरा जरा उतरला. मग लेकरू हातात घेऊन म्हणाल्या, "नाक बापाचं हाय. नशीब नसो म्हंजे झालं."

बीपी उतरला, घरी सोडलं. सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, दोन-तीन दिवसांनी बीपी दाखवून जा, मंठ्यातल्या दवाखान्यात दाखवलं तरी चालेल. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि घरी येऊन मी खोलीत गेले.

खोली

आमच्याकडे बाळंतीण दहा-बारा दिवस उंबरा ओलांडत नाही. खिडकीला गोधडी टांगतात, म्हणजे वारं येत नाही आणि कुणाची नजरही पडत नाही. बाजेखाली शेगडी. ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. कानात कापूस, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. झिरोचा एक बल्ब. मार्गशीर्षातली थंडी होती, त्यामुळे ती ऊब मला आवडतही होती. ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईला तेवढे दिवस तरी कुणी उठवत नाही, हातात गरम भाकरी येते, अंगाला तेल लागतं. माझं अंग आत्यांनी ज्या हातांनी चोळलं ते हात मी विसरणार नाही.

पण बीपी दाखवायला जायचं म्हणजे उंबरा ओलांडायचा. आत्या म्हणाल्या, "बाळ आलं, बीपी गेला. बारा दिवस होऊ दे, मंग जा बराबर." मला ते पटलं. मला झोप हवी होती.

डोकं दुखायला लागलं ते घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाळावर वरवंटा ठेवल्यासारखं. आत्यांनी रुमाल सोडून आणखी घट्ट बांधला. "वारं शिरलं. दवाखान्यात कान उघडे ठेवले आसतील." बरगडीखाली उजवीकडे दुखायला लागलं, तर हिंग-ओवा दिला. पाय सुजले, जोडवी बोटात रुतली, तर म्हणाल्या, बाळंतिणीच्या अंगावर पाणी येतंच. प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर आजवर कुणा ना कुणाच्या बाबतीत खरं ठरलेलं होतं. हे नीट समजून घ्या. आमच्या घरात कुणी हयगय केली नाही. सगळे माझीच काळजी घेत होते.

बाळ झाल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी मी लेकराला पाजत होते आणि खोली अंधारली. मी हाक मारली, "ऋतुजा, लाईट गेली का गं?"

बाळंतपणासाठी ती कॉलेजातून घरी आली होती. दारातून म्हणाली, "लाईट हाय की मम्मी. बल्ब चालूच हाय."

मी वर बघितलं. बल्बच्या जागी मला मळकट डाग दिसत होता. अंधाऱ्या खोलीत माणूस अंधारालाच दोष देतो. मला वाटलं धूर झालाय, झोप झालेली नाही, डोळे जड आहेत. आत्या म्हणाल्या, "पडून राहा. सांजच्याला पाचवी पूजायची हाय."

पाचवी

पाचवीला आमच्याकडे सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. त्यासाठी पाटा-वरवंटा पूजतात, कणकेचे दिवे लावतात, एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या रात्री लेकरू घराबाहेर नेत नाहीत, आणि घरातलं कुणीतरी जागं राहतं.

दिवेलागणीला मला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. तिथे ट्यूबलाईट लख्ख होती. तीन दिवस झिरोच्या बल्बखाली काढल्यावर डोळे दिपायला हवे होते. दिपले नाहीत. मी पाटावर बसले. कणकेचे दिवे पाच होते हे मला माहीत होतं, कारण ते पाचच असतात. मला तीन दिसत होते. मान वळवली की दुसरे तीन.

कुंकू लावायला हात पुढे केला तर बोट जमिनीला लागलं. वरवंटा हातभर डावीकडे होता.

मग आत्या म्हणाल्या, "लावते मी." आणि माझं बोट धरून त्यांनी कुंकू लावलं.

मी म्हणाले, "ऋतुजा, सुई-दोरा आण."

"आत्ता?"

"आण म्हणते ना."

डोळ्यांची दुसरी कोणतीही परीक्षा मला माहीत नाही. सुई ओवणं माहीत आहे, कित्येक वर्षं रोज तेच करते, अंगठ्याला सवय झाली आहे. तिने सुई हातात दिली. चिमटीत धरली, दोरा ओठात ओला केला आणि वर बघितलं. सुईचं टोक दिसत होतं. नाक दिसत नव्हतं. नुसतं बारीक नव्हे, तर नव्हतंच. सुई अर्ध्यावर संपत होती. वर राखाडी काहीतरी होतं.

त्याआधीही मी घाबरले होते, वयाला, लोकांना, कळांना. ती सगळी भीती छातीत होती. ही वेगळी होती. हातपाय गार पडले आणि डोकं एकदम स्वच्छ चालायला लागलं.

मी यजमानांना म्हणाले, "मला दवाखान्यात न्या. आत्ता."

आत्या उठून उभ्या राहिल्या. "आज? आज पाचवी हाय गं मंगल. लेकरू अंगावर पितं, त्याला घेऊन जावं लागंल. रात्री सटवाई यायची. घरात लेकरू न्हाई म्हणल्यावर ती कुणाचं लिहिल? सकाळी जा. उजाडल्याबरोबर जा, मी अडवत न्हाई."

यजमान माझ्याकडे बघत होते. मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता, डोळे नाहीत, नुसती हनुवटी. ते म्हणाले, "सकाळपर्यंत थांबवतंय का तुला?"

मी म्हणाले, "थांबवतंय का न्हाई ते मला दिसून न्हाई राह्यलं."

ऋतुजाने तोवर माझी चप्पल आणून माझ्या पायांत घातली होती. सुजलेल्या पायांत ती जात नव्हती. तिने पट्टा सोडला आणि तशीच चढवली. आजीकडे न बघता ती म्हणाली, "आज्जी, सटवाईनं हिचं काय लिवलं ते मला न्हाई बघायचं. मला मम्मी पाहिजे."

कितीतरी महिन्यांनी ती माझ्या बाजूने बोलत होती. मला रडायला वेळ नव्हता.

आत्या काही क्षण पाटा-वरवंट्याकडे बघत उभ्या होत्या. मग खाली वाकल्या, कोरा कागद घडी करून पदराच्या गाठीला बांधला, पेन कंबरेला खोचलं, लेकराला शालीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "सटवाईला काय आपल्या घराचा पत्ता पाठ हाय? लेकरू जिथं, तिथं यील ती. चला जल्दी." उंबऱ्याबाहेर त्यांनी आधी स्वतःचा पाय टाकला.

जे मला आठवत नाही

शेजारच्या रिक्षातून गावातल्या दवाखान्याकडे निघालो इथपर्यंत आठवतं. पुढचं ऋतुजाने सांगितलं. दवाखान्याच्या फाटकातच मला झटका आला. दात आवळले, हात ताठ झाले, तोंडाला फेस. यजमान तोंडात चमचा घाला म्हणून ओरडत होते, रिक्षावाला चप्पल हुंगवा म्हणत होता. ऋतुजाने काहीच घातलं नाही. तिने मला एका कुशीवर वळवलं आणि डोकं मांडीवर धरून ठेवलं. कॉलेजात कधीतरी शिकवलं होतं म्हणाली. आत्या लेकराला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

डॉक्टर धावत आले. बीपी घेतला, पुन्हा घेतला. दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनं दिली आणि रुग्णवाहिकेतून जालन्याला पाठवलं. डॉक्टर यजमानांना म्हणाले, "सकाळी आला असता तर काय झालं असतं ते मी सांगत नाही."

हे वाक्य यजमानांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, जेवताना, ताटाकडे बघत.

जालन्यातले दिवस

शुद्धीवर आले तेव्हा अंगात आग पेटली होती. झटक्यावरचं ते औषध असंच असतं, अंग भाजतं, तोंड कोरडं पडतं. तुम्हाला दिलं तर घाबरू नका. मी घाबरले, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने यायची, छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारायची, पाय उडाला की "छान" म्हणायची. लघवीची पिशवी बघायची, श्वास मोजायची. ती हातोडी मला आवडायला लागली. पाय उडाला म्हणजे मी आहे.

डोळ्यांपुढे अजून राखाडीच होतं, त्याचं मात्र कुणी नक्की सांगेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक येईल परत. बीपी उतरू द्या." या 'बहुतेक'वर मी ते दिवस काढले. दुकान, मशीन, सुई, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं. लेकरू छातीशी आणून ठेवायचे, मी हाताने चाचपून नाक, कान, बोटं बघायचे. तिचा चेहरा मी बाळंतपणाच्या गुंगीत आणि मग खोलीतल्या अंधारात धड पाहिला नव्हता आणि आता उजेडात पाहता येत नव्हता. ती कशी दिसते हे न कळताच राहिलं तर काय, याची भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

शेजारच्या खाटेवर राजूरकडची एक पोर होती, पहिलटकरीण, तिचाही बीपी चढलेला. तिने विचारलं, "मावशी, आपण मरतो का हो?" मी म्हणाले, "मेलो असतो तर इतक्या डासांनी चावलं नसतं." ती हसली. मीही हसले, पण मला खात्री नव्हती.

मग एका सकाळी पडद्याची पट्टी दिसली. दवाखान्याच्या खिडकीचा हिरवा पडदा, त्याची खालची पट्टी उसवलेली आणि कुणीतरी ती पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टाचलेली. इतकं वाईट शिवण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी टाके मोजायला लागले आणि मोजता मोजता रडायला लागले. सिस्टर धावत आली. मी म्हणाले, "काही न्हाई बाई. टाके वाकडे पडलेत."

मग लेकराकडे बघितलं. नाक खरंच बापाचं होतं. उशाखाली कागदाची घडी होती. आत्यांनी ठेवलेली. उघडून बघितली, कोरीच होती. आत्या म्हणाल्या, "तिचं लिहिलेलं आपल्याला दिसत नसतं." मी कागद पुन्हा घडी करून उशाखाली ठेवला. ज्या बाईने त्या संध्याकाळी उंबरा ओलांडला, तिच्याशी वाद घालायचा मला अधिकार नव्हता.

नंतरचे महिने

लोकांना वाटतं दवाखान्यातून घरी आलं की संपलं. नाही संपत. बीपीच्या गोळ्या चालू राहिल्या. दूध कमी आलं, वरचं द्यावं लागलं, त्यावरूनही बोलणी खाल्ली. दुपारी कारण नसताना रडू यायचं. मशीनचं झाकण काढायचे आणि पुन्हा घालायचे. डोकं थोडं ठणकलं की मी खोलीतल्या सगळ्या वस्तूंची टोकं तपासत बसे. पंख्याची तिन्ही पाती दिसतात का, कॅलेंडरचा वरचा भाग दिसतो का. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, हेही आजारपणच आहे, लपवू नका. बोलायला एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. तिथे जाऊन फरक पडला. लाज वाटली तरी जा.

ऋतुजाचं एक सत्र बुडालं. ती रात्रीचं लेकरू सांभाळायची आणि सकाळी वहीत डोकं घालून झोपायची. एकदा तिला म्हणाले, "तुला माझा राग आल्ता ना?" ती म्हणाली, "आल्ता. आता वेळ न्हाई."

यजमानांनी बीपीचं मशीन आणलं. ते आत्यांनी ताब्यात घेतलं. आता गल्लीत कुणी बाळंत झालं की त्या ते पिशवीत घालून जातात. परवा चौथ्या घरची सून बाळंत होऊन घरी आली. आत्या आत शिरल्या आणि आधी खिडकीची गोधडी ओढून काढली. तिची सासू म्हणाली, "अहो, वारं लागंल पोरीला."

"लागू दे," आत्या म्हणाल्या. "कान बांध, डोळे उघडे ठेव. उजेड पायजे. दिसतं का न्हाई ते उजेडातच कळतं."

घरी येताना मी विचारलं, "आत्या, मंग माझं ते वारं नव्हतं म्हणा की."

"वारं बी होतं," त्या म्हणाल्या. "बीपी बी होता."

तुम्ही वारं माना, नजर माना, सटवाई माना. मी मोडा म्हणत नाही. फक्त बाळंतपणानंतर डोकं फुटायला लागलं, बरगडीखाली दुखलं, डोळ्यांपुढे अंधार आला, तर दिवस, मुहूर्त, उंबरा काही बघू नका. उठा आणि जा. लेकराला बरोबर घ्या, सटवाई मागून येते.

मुलगी आता रांगते. माझे केस पांढरे झालेत, आणि ती वीस वर्षांची होईल तेव्हा मी असेन का हा हिशोब मी रोज करते आणि रोज सोडून देते. भीती गेलेली नाही. तिला मी सकाळची वेळ ठरवून दिली आहे. उठले की दार उघडते, उंबऱ्यावर उजेडात बसते आणि सुई ओवते. लेकरू पदर ओढत असतं, आत्या आतून "चहा ठिवती का न्हाई" म्हणत असतात. मी आधी सुई वर धरते आणि नाक शोधते.

आजही ओवली. मग चहा ठेवला.